गाडीत पाणी येतं कुठून

"परत ओली," छबूबाई म्हणाल्या आणि पुढच्या सीटखालची मॅट बाहेर ओढून पिळली.

भिमाजी मेकॅनिकनं डोकं खाजवलं. कोल्हारच्या स्टँडमागं त्याचं गॅरेज होतं. पाऊस सुरू झाल्यापासून तो या जुन्या पांढऱ्या गाडीच्या मागं लागला होता. आधी दाराचं रबर बदललं. ते वाळक्या शेंगेसारखं तडकलं होतं. मग वायपरखालच्या जाळीत लिंबाचा पाला कुजून पाणी जायचं भोक बुजलेलं सापडलं. ते तारेनं मोकळं केलं. शेवटी पुढच्या काचेच्या कडेनं सीलंट भरलं.

"काकू, आता पाणी शिरायला जागाच न्हाई राहिली."

"मग हे काय? घाम आला काय तिला?"

आप्पासाहेब घराच्या ओट्यावर बसून हसले. त्यांनी उभा जन्म एसटी चालवली. कधी कुणाला साधं खरचटलं नाही, म्हणून मिळालेला बिल्ला आजही देव्हाऱ्याशेजारी टांगलेला होता. गावोगावच्या लेकींना त्यांनी सणासुदीला माहेरी पोचवलं. सणाला सुट्टी नाही, म्हणून स्वतःची बायको मात्र दर वेळी एकटीच राजूरला माहेरी गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी घेतली ती यासाठीच. या नागपंचमीला छबूबाई नवऱ्याशेजारी बसून, स्वतःच्या गाडीतून माहेरच्या दारात उतरणार होत्या. पंचमी चार दिवसांवर आली होती.

राजूरहून भाऊ कल्याण रोज फोन करायचा. "अक्का, गाडी निघाली का अजून वाळतच घातलीय?"

आप्पासाहेबांचं उत्तर ठरलेलं. "पाणी वायरिंगपर्यंत चढलं तर घाटात बंद पडंल. वर धुकं. एवढं पाणी थांबू दे, मग निघू."

भिमाजीनं पुन्हा पाईप लावला. आप्पासाहेब गाडीत बसले, काचा वर केल्या. बाहेरून पाण्याचा फवारा आणि आत ते काचेच्या कडेनं, दाराच्या फटीतून, डॅशबोर्डच्या खालून सावकाश बोटं फिरवत होते. डोळे मिटलेले.

"आप्पा, डोळं झाकून कसं गावंल?" भिमाजी बाहेरून ओरडला.

"डोळं फसवत्यात भिमा, बोटं न्हाई फसवत."

आत थेंब आला नाही. भिमाजीनं पाईप गुंडाळला. "पाईपनं कोरडी आन् पावसानं ओली. अशी गाडी मी पाह्यली न्हाई बुवा."

छबूबाईंना त्या दिवशी स्वयंपाकात लक्ष लागेना. पाणी आहे म्हणजे त्याला वाट असणार. भिंतीतून मुंगीही वाटेशिवाय येत नाही. संध्याकाळी त्यांनी रोजच्यासारखा नवऱ्याला पेपर वाचून दाखवला. हल्ली छपाई फार फिकी करतात, अशी आप्पासाहेबांची तक्रार होती. पेपर झाला तसा त्यांनी रांगोळीचा डबा उचलला आणि गाडीकडे निघाल्या.

"गाडीत काय करतीस?"

"रांगोळी घालते."

"गाडीत रांगोळी?"

"पाणी जिकडून येईल तिकडची रेघ मोडंल. चोराचा माग काढत्यात तसा."

"लई हुशार हायस," आप्पासाहेब म्हणाले.

छबूबाईंनी दोन्ही दारांच्या उंबऱ्यांवर रेघ ओढली. काचेखाली, डॅशबोर्डवर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटभर जाड रेघ ओढली. मॅटच्या कडेनं चारी बाजूंनी रिंगण घातलं. उठताना गुडघे करकरले. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून पहाटे तुळशीला पाणी घालायचं काम आप्पासाहेबांकडे आलं होतं. परत येताना छबूबाईंनी पाहिलं, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला तुळशीच्या कट्ट्यावर पहाटेसाठी भरून ठेवलेला तांब्या उघडाच.

"अहो, तांब्यावर झाकण ठेवत जा. मंजिऱ्या पडत्यात त्यात."

"ठेवतो," आप्पासाहेब म्हणाले.

रात्रभर पाऊस झाला. वाऱ्यानं लिंबाच्या काटक्या गाडीवर येऊन पडल्या. छबूबाई उठल्या तेव्हा आप्पासाहेबांची तुळस झालेली होती. त्या चुलीपाशी न जाता आधी गाडीकडे गेल्या.

दार उघडलं आणि तिथंच थबकल्या.

उंबऱ्यावरची रेघ होती तशी. पलीकडच्या दाराची होती तशी. काचेखालची जाड रेघ तर दुधाच्या धारेसारखी, कुठं मोडलेली नाही. मॅटच्या भोवतीचं रिंगणही अख्खं. आणि रिंगणाच्या बरोबर मध्ये पाणी.

एकही रेघ न मोडता पाणी आत आलं होतं. त्या वाकल्या. पाण्यावर बारीक काहीतरी तरंगत होतं. लिंबाचा पाला असेल, म्हणून त्यांनी चिमटीत धरून नाकाशी नेलं. तुळशीची मंजिरी होती.

मागून चपला वाजल्या. गाडीच्या अंगावरून हात सरकवत आप्पासाहेब दारापर्यंत आले आणि आत वाकले. त्यांचं नाक डॅशबोर्डला टेकायचं बाकी होतं.

"बघ!" ते म्हणाले. "काचेखालची रांगोळी सगळी वाहून गेली. म्हणलं न्हवतं, काचच गळतीया?"

छबूबाईंनी त्या पांढऱ्याफेक रेघेकडे पाहिलं. मग नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आप्पासाहेबांना ते पाहणं जाणवलं नाही.

"व्हय," त्या म्हणाल्या. "सगळी वाहून गेली. ही काच काय आता बसायची न्हाई. कल्याणला सांगते, जीप घेऊन ये आन् दोघांनाबी घेऊन जा."

"मग काय करणार," आप्पासाहेब म्हणाले. त्यांचे खांदे सैल झाले. "माझी लई इच्छा हुती गं."

"मला ठाव हाय."

ते चहाला आत गेले. भिमाजी यायच्या आत छबूबाईंनी अख्खी रांगोळी पदरानं पुसून काढली. मग तुळशीपाशी रिकामा पडलेला तांब्या उद्यासाठी काठोकाठ भरला, आणि त्यावर आठवणीनं झाकण ठेवलं.