शाल्मलीचा उतार

"तो उतार काढून टाका. शाळेची शोभा जाते," पडद्याकडे बोट दाखवत संस्थाध्यक्ष म्हणाले.

पहिल्या मजल्यावरच्या संगणक कक्षात सातवीच्या पाच मुलांनी ठोकळ्यांच्या व्हिडिओ गेममध्ये आपलीच शाळा नव्याने बांधली होती. तीन आठवडे भांडत, एकमेकांची समजूत घालत. त्यांना वास्तुरचना शिकवणाऱ्या मृदुलाबाईंनी एक ठोकळासुद्धा स्वतः ठेवला नव्हता. प्रवेशद्वारापासून पहिल्या मजल्यापर्यंतचा उतार आखला होता चाकाच्या खुर्चीतल्या शाल्मलीने आणि तो नीट जमेपर्यंत बाकीच्या चौघांनी सात वेळा पाडून बांधला होता.

"सर, आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलाय तो," इरफान म्हणाला.

"अरे, खेळच तर आहे!" अध्यक्षांनी त्याच्या हातातला माउस ओढून घेतला आणि उतार पुसून टाकला.

मृदुलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तोंड उघडणार, एवढ्यात शाल्मलीच बोलली.

"बाई मला रोज उचलून वर आणतात, सर. आज खाली तुम्ही न्या."

अध्यक्ष घड्याळाकडे पाहू लागले. मृदुलाबाईंनी दार सताड उघडलं.

"चोवीस पायऱ्या आहेत, सर. चला."