कोणी येवो न येवो

कॉलेजच्या प्रार्थनामंडळाची खोली आज कायमची बंद करायची आणि किल्ली ऑफिसात देऊन टाकायची, असं मंडळ चालवणाऱ्या दादाने ठरवलं होतं. पीएचडी रखडली होती, बरोबरचे केव्हाच पांगले होते आणि देवाशी बोलणं तर त्याहून आधी बंद पडलं होतं. कुलूप लावायला तो वळला, तर दारात पहिल्या वर्षाची चार पोरं चपला काढून उभी.

"दादा, आम्ही प्रार्थनेला येऊ?"

"आज कुठून आठवण झाली?"

"रोज खिडकीतून बघतो ना. कोणी येवो न येवो, तुम्ही आपले एकटे डोळे मिटून बसलेले असता. घर सोडून आल्यावर आमचा विश्वास पार डळमळला होता. तुमच्याकडे बघून टिकला."

होस्टेलवरचा पंखा बिघडल्यापासून तो इथे दुपारची डुलकी काढायला यायचा. सांगावं म्हणून त्याने तोंड उघडलं, तोवर पोरांनी त्याचे हात धरून माना खाली घातल्या होत्या.

प्रार्थना दादाला तोंडपाठ होती, त्यामुळे छानच झाली. चौघांनी भरल्या डोळ्यांनी 'आमेन' म्हटलं.

यापेक्षा आपली डुलकी प्रामाणिक होती, असं दादाला वाटलं.