हात द्यायचं बटण

"त्या बाईचा आवाज काढून टाका," साहेब म्हणाले. "हाक नाही, तर तक्रार नाही."

गेम विकत घेणारी माणसं यायला वीस मिनिटं होती. साहेब बत्तीस वर्षांचे, खोलीतले बाकीचे त्यांच्याहूनही लहान, एकट्या काकू सोडल्या तर. काकू टेस्टर. गेम बाजारात जाण्याआधी तो हजार वेळा खेळायचा आणि त्यातल्या चुका शोधायच्या, हे त्यांचं काम. सेहेचाळीस वर्षांची बाई हेडफोन लावून दिवसभर राक्षस बडवत बसते, याची सुरुवातीला पोरांनी भरपूर मजा घेतली. मग काकू एकेकाच्या चुका काढायला लागल्या, तेव्हा कुठे तोंडं बंद झाली.

आत्ताची चूक चारशे सतरा नंबरची. तिसरी लेव्हल. इमारत जळतेय, पाचव्या मजल्याच्या खिडकीत एक बाई ओरडतेय, "कुणीतरी हात द्या हो." आपला सुपरहिरो उडत वर येतो, लाल झूल पाठीवर, छाती ही एवढी. आणि त्या बाईच्या तोंडावर ठोसा मारतो. काय करणार बिचारा, दुसरं त्याला येतच नाही. अकरा प्रकारचे ठोसे दिलेत त्याला, सहा लाथा दिल्यात, डोळ्यांतून आग दिलीय. हात पुढे करायचं मात्र राहून गेलं. बाईचं चित्र काढणाऱ्याला वाटलं, हात द्यायचं काम ठोसेवाले बघतील. ठोसेवाल्यांना वाटलं, बाई शोभेची आहे. दोन वर्षं, चाळीस माणसं, आणि एकाच्याही लक्षात येऊ नये.

काकूंनी ही चूक नऊ वेळा नोंदवली. साहेबांनी नऊ वेळा शेरा मारला, 'चूक नाही, मुद्दाम केलंय', आणि ती बंद केली. काकूंनी नऊ वेळा ती पुन्हा उघडली.

"आवाज कसा काढता?" काकू म्हणाल्या. "माझा आहे तो."

खरंच त्यांचा होता. रेकॉर्डिंगच्या दिवशी ठरलेली मुलगी आली नाही, म्हणून काकूंनाच माईकपुढे उभं केलं होतं. त्या अशा ओरडल्या की खालचा वॉचमन तीन जिने चढून धापा टाकत वर आला होता.

"काकू, लोकांना मारामारी हवी असते. मदत करायला कोण गेम घेतं?"

"मग तिला खिडकीत उभी कशाला केलीत?"

साहेबांनी त्यांना बाजूला घेतलं. "हे बघा, आज एक दिवस गप्प बसा. पुढच्या गेमलाही तुम्हीच असाल, माझा शब्द आहे. पण आज काही बोललात, तर मग माझाही नाइलाज आहे."

काकूंना नोकरी हवी होती. खोटं कशाला बोला, फार हवी होती. या वयात दुसऱ्या कुठल्या गेमवाल्याने त्यांना दारात उभं केलं असतं? त्या मागच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. खिडकीतल्या बाईचं चित्र ज्याचं होतं त्या दाढीवाल्या पोराने काकूंकडे न बघता आवाज काढून टाकला. एक क्लिक, बस्स.

पाहुणे तिघं होते. त्यांतल्या थोरल्या बाईंनी चष्मा पुसला आणि कंट्रोलर सरळ स्वतःकडे ओढून घेतला. "स्वतः खेळल्याशिवाय मी घेत नाही," त्या म्हणाल्या. साहेब हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं.

पहिल्या लेव्हलला पूल तुटला. दुसरीत गाड्या भिरकावल्या गेल्या, राक्षस पडला, पुन्हा उठला, पुन्हा पडला. चष्मेवाल्या बाईंनी जांभई दिली आणि घड्याळाकडे पाहिलं.

तिसरी लेव्हल सुरू झाली. भिंतभर पडद्यावर आग लागली. पाचव्या मजल्यावर ती बाई नुसतं तोंड उघडत होती आणि मिटत होती. पाहुण्यांच्या काही ते ध्यानात आलं नाही. हिरो तिच्या खिडकीवरून पुढे निघाला. साहेब खुर्चीत मागे रेलले.

"कुणीतरी हात द्या हो!"

सगळ्यांनी दचकून मागे पाहिलं. काकू उभ्या होत्या. वॉचमनला वर आणणारा तोच आवाज होता.

चष्मेवाल्या बाईंनी हिरोला मागे वळवलं. खिडकीपाशी आणलं. बटण दाबलं. ठोसा. दुसरं दाबलं. ठोसा. तिसऱ्याला लाथ, चौथ्याला आग. त्यांनी कंट्रोलर उलटा करून खालची बटणंही दाबून पाहिली. बाई तशीच खिडकीत, आणि हिरो तिला बडवतोय.

"हात द्यायचं बटण कुठलं?" त्यांनी विचारलं.

"नाहीये," दाढीवाला मान खाली घालून म्हणाला. "ठेवलंच नाही आम्ही."

"काकू," साहेब म्हणाले, "खाली बसा."

काकू मधल्या वाटेने चालत पुढे आल्या आणि पडद्यासमोर, त्या खिडकीतच दिसतील अशा उभ्या राहिल्या. आगीचा उजेड त्यांच्या तोंडावर हलत होता.

"बसते की," त्या म्हणाल्या. "आधी मला इथून खाली उतरवा."