बैलांच्या बदल्यात घोडी

लालसू पुन्हा पडला. या वेळी तर घोडी जागची हललीही नव्हती.

"उभ्या घोडीवरून पडनारा मानूस पयल्यांदा पाहून राह्यलो," इसरूभाऊ म्हणाले. "लगाम आहे तो, वडाची पारंबी नोय लटकाले! मांडीनं धर तिले."

इसरूभाऊ जमीनदाराचे जुने मोतद्दार. अख्खी हयात घोड्यांच्या पागेत गेलेली. जमीनदारी गेली आणि ही घोडीही एटापल्लीच्या बाजारात आली. दिसायला हाडांचा भारा. पण सुटली की तिची सावली मागं राहायची आणि संध्याकाळी एकटीच चालत घरी यायची. लालसूनं आपली बैलजोडी देऊन ती घेतली. गाव पोट धरून हसलं.

"आता नांगराले कोनाले जुंपतं बे? बायकोले का?"

लालसू हसला नाही. मागच्या पावसाळ्यात त्याची बायको बुधरी अडली, तेव्हा तो बैलगाडी जुंपून डॉक्टर आणायला गेला होता. गाडी चिखलात रुतत रुतत दवाखान्यात पोचली आणि डॉक्टरांना घेऊन तशीच रुतत परत आली. तोवर बाळाला मोहाखाली पुरून झालं होतं. बुधरी तेवढी वाचली. हात धुता धुता डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी पोचलो असतो, तर बाळही हाती लागलं असतं."

ते 'थोडं' लालसूच्या छातीत काट्यासारखं मोडून राहिलं.

तो रोज चढायचा, रोज पडायचा. वारुळावर पडला, बोरीच्या काट्यांत पडला, एकदा तर थेट पाटलाच्या मांडीवर जाऊन बसला. मांड्या सोलून निघाल्या. धान कापून झालं, मोह वेचून झाला, तेव्हा कुठं घोडी त्याला आपला माणूस म्हणू लागली. बुधरीला पुन्हा दिवस गेले होते.

भर आषाढात तिच्या कळा सुरू झाल्या. सुईण बाहेर आली. "आडवं आहे. मांगच्यासारखंच." एवढंच बोलून ती आत गेली.

"पाहून काय राह्यला बे? निंघ!" इसरूभाऊ ओरडले.

लालसू असा सुटला, की पावसाचे थेंब त्याच्या मागं पडत होते. चिखल गेला, वेळूचं बन गेलं, भरलेला नाला गेला. घोडीचं पोट ओलं झालं की नाही कोण जाणे. लालसू पडला नाही. एकदाही नाही. दवाखान्याच्या ओट्याशी त्यानं उडी टाकली, तेव्हा डॉक्टरांचा सकाळचा चहा कपात वाफाळत होता.

"डागदर, बुधरी अडली! घोडी आनली आहे. तिले दोघं नाई झेपत. तुमी बसा, मी मांगून पळत येतो."

डॉक्टरांनी त्याला ओळखलं. कप तसाच टाकून पेटी उचलली आणि पायांत चपला न घालताच ते अंगणात धावले. घोडीजवळ आले. तिच्या पाठीवर हात ठेवला. ती फुरफुरली, तसा तो हात झटकन मागं आला.

त्यांनी एकदा घोडीकडे पाहिलं, एकदा लालसूकडे.

"लालसू," ते अगदी हळू म्हणाले, "मी जन्मात कधी घोड्यावर बसलो नाही रे."