उतरंड

बाबांना जाऊन महिना झाला होता आणि योगितावहिनी पोशेरा गावातल्या आमच्या घरासमोर पाच कुंड्या तिरक्या रचून झेंडूची उतरंड सजवत होती. मला बाबांची फक्त काठी हवी होती. “आहे की ताई, घरातली वस्तू जाते कुठं,” ती मान वर न करता म्हणाली. मी माळा पाहिला, दाराआड पाहिलं, शेवटी चुलीतली राखही उकरली. काठी कुठंच नव्हती; हिनं ती जाळलीच, याची खात्री पटली. अंगणात येऊन मी त्या उतरंडीला दोन्ही हातांनी धक्का दिला. ती डुलली, पण पडली नाही.



“अजून ढकला ताई,” मागून वहिनी म्हणाली. “बाबांची काठी ओवलीय सगळ्यांतून. पडू देत नाही.”