मेव्हण्याचा दोर

"कंबरेला बराबर बसला का, दाजी?" काकासाहेबानं गाठीला हिसका देत विचारलं.

"बसला. सोडा जल्दी," रामकिसन म्हणाला.

त्याला घाई होती, आणि का नसावी? खाली कड्याच्या पोटात, गुहेच्या तोंडाशी, त्याच्या बायकोचं मढं पडलेलं होतं. उद्या सकाळी जालन्याहून कॉलेजचे मास्तर पोरं घेऊन तीच गुहा बघायला येणार होते.

भोकरदनच्या वरच्या डोंगरातला हा धबधबा दुष्काळात पार आटला होता. त्र्याहत्तरच्या पावसानं तो पुन्हा कोसळायला लागला आणि बघ्यांची रीघ लागली. कोणी दरीत डोकावे, कोणी टोकावर उभं राहून खालची गावं ओळखे. गुहेत मात्र कोणी जात नव्हतं. तिथं उतरायला वरून दोर लागायचा, म्हणून तर रामकिसन निवांत होता.

हात उचलायची त्याची जुनी खोड. भाकरी करपली, घाल लाथ. उलट बोलली, धर झिंज्या. चार दिवसांमागं कड्यावर सरपण तोडताना द्वारका म्हणाली, "मी माहेरी चालले. आता परत येणार न्हाई." झालं! त्यानं कुऱ्हाडीचा दांडा तिच्या डोक्यात घातला. ती गुडघ्यावर बसली, रक्त डोळ्यांत उतरलं, तरी बिचारीनं त्याचेच पाय धरले. त्यानं पुन्हा हाणला आणि लाथेनं तिला कड्यावरून लोटलं. खाली, गुहेच्या तोंडाशी, खडकावर धप्प आवाज झाला. कडा पुढं आलेला असल्यानं वरून काही दिसत नव्हतं. तो कान देऊन बराच वेळ बसला. पाण्याच्या आवाजाशिवाय काही नाही. मग सरपणाची मोळी उचलून तो घरी गेला आणि पोटभर जेवला. असला माणूस!

गावात त्यानं आवई उठवली, कासारासंगं पळाली. असल्या गोष्टी पटायला गावाला साक्षीपुरावा लागत नाही. "आगं बया!" म्हणून बायांनी तोंडाला पदर लावले आणि विषय मिटला.

काकासाहेब म्हणजे द्वारकेचा थोरला भाऊ, बदनापूरकडचा. तो आज दारात उभा राहिला तेव्हा रामकिसन दोन पावलं मागं सरला. पण गड्यानं शिवी दिली नाही की आवाज चढवला नाही. उलट मान खाली घालून म्हणाला, "दाजी, आमच्याच पोरीनं नाक कापलं. तुमाला कोणत्या तोंडानं बोलू?"

कॉलेजवाल्यांची बातमीही त्यानंच आणली. "एस.टी.त भेटल्ते मास्तर. गुहेत जनावर न्हाई ना, आग्या मव्हळ न्हाई ना, कोणीतरी आधी बघून ठेवा म्हणले. मी उतरतो. तुमी दोर धरा."

"छ्या! उलटी रीत करता का काय?" रामकिसन घाईनं म्हणाला. "मी उतरतो. तुमीच धरा."

रीत खरीच होती. मधासाठी कड्यावर उतरणाऱ्याचा दोर त्या डोंगरात बायकोच्या भावानंच धरायचा. सख्खा भाऊ धरील तर त्याचा डोळा वाटणीवर. दोस्ताचं काय सांगावं? मेव्हणा मात्र बहिणीचं कुंकू मुठीत धरून बसलेला असतो. तळहाताची सालटी निघाली तरी तो दोर सोडत नाही.

रामकिसन मनात हसला. बहीण कुठंतरी जिवंत आहे असं ह्या खुळ्याला वाटतंय, तोवर आपला दोर पक्का. आपण मढं दरीत लोटून द्यायचं आणि वर येऊन ह्याच्याच हातचा चहा प्यायचा.

दोर सुटत गेला. पाण्याच्या सपकाऱ्यानं त्याला खडकावर आपटलं. कोपर फुटलं, गुडघा सोलला, तोंडात रक्ताची चव आली. शेवटी पाय ओट्यासारख्या खडकाला लागले.

मढं नव्हतं.

दगडावर काळं पडलेलं रक्त होतं, फुटक्या बांगड्या होत्या. रामकिसन वाकून गुहेत शिरला, भिंती चाचपल्या, कोपरे बघितले. नुसती वटवाघळांची घाण. मग त्याच्या ध्यानात आलं. बिबट्या! ओढून नेली असणार.

"मेली ते बराबर मेली," तो थुंकला. "जाळायचाबी खर्चा न्हाई."

त्यानं बांगड्यांचे तुकडे पायानं पाण्यात सारले. ओली माती घेऊन रक्त घासून काढलं. आता येऊ देत कोण मास्तर येतो ते! दोराला दोन हिसके देऊन तो ओरडला, "ओढा!"

दोर ताणला. पाय सुटले आणि तो दरीवर अधांतरी झुलला. खाली, फार खाली, पाणी शिळांवर फुटत होतं. हात-दोन हात करत तो वर सरकला, आणि मध्येच थांबला.

"काकासाहेब! हात भरून आले का? ओढा की!"

त्यानं मान वर केली. इथून कड्याची कड स्पष्ट दिसत होती. काकासाहेब दगडाला टाच देऊन उभा होता, दोर मनगटाला गुंडाळलेला, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. पण तो खाली बघत नव्हता. बाजूला बघून बोलत होता.

"रीत हाय बाई, म्हणून धरलाय. तुझं कुंकू हाय तोवर माझा हात सुटायचा न्हाई. आता तूच सांग."

त्याच्या शेजारी कड्याच्या टोकाला एक बाई येऊन बसली. डोकं धोतराच्या फडक्यानं बांधलेलं, एक डोळा सुजून मिटलेला, कंबरेवर वर ओढून काढल्याचा ह्याच दोराचा वळ.

"द्वारके!" रामकिसन किंचाळला. "आगं, नवरा हाय मी तुझा!"

उघड्या डोळ्यानं तिनं त्याच्याकडं नीट पाहून घेतलं. मग तळहात कपाळावरून फिरवून कुंकू पुसून टाकलं.

"सोड, दादा," ती म्हणाली.