तळटीप दोनशे सात

सत्त्याण्णव साली बीडच्या एका कॉम्प्युटर सेंटरात वनमाला प्रा. योगीराज शेटे यांचा जात्यावरच्या ओव्यांचा प्रबंध टाइप करत होती. पाचशे पानं, साडेतीनशे तळटीपा. कुठं गाणारणीचं नाव, कुठं नुसतं गाव, कुठं काहीच नाही. मार्गदर्शकांनी लाल शेरा मारला होता, ‘तळटीपा एकसारख्या करा.’

“आता राहिलेल्या बायांची नावं कुठं हुडकत फिरू?” सर वैतागले. “त्यापेक्षा आहेत तीच काढून टाक. सगळीकडं एकच ठेव, ‘पारंपरिक. संकलन : प्रा. योगीराज शेटे.’”

“सर, दोनशे सातला माझ्या आईचं नाव हाय. आमच्या गावाला, पालीला येऊन तुमीच लिहून नेलतं.”

“एकीसाठी नियम मोडायचा का, पोरी?”

वनमालानं तीन दिवस बसून एकेक नाव पुसलं. आईचंही. पानं कशी देखणी दिसायला लागली.

घरी आईचं, छबुबाईचं, रोज एकच, “सर म्हणले व्हते, नाव छापतो. तव्यावरची भाकर करपली, तरी मी गातच ऱ्हायले. दाखव की एकदा.”

शेवटी वनमालानं ते पान घरी नेलं. अक्षरओळख नसलेल्या आईनं पदराला हात पुसले, पान मांडीवर घेतलं.

“बोट ठिवून दाखव, माझं नाव कुठं हाय?”



वनमालानं सरांच्या नावावर बोट ठेवलं.